मुक्तशैली जलतरणातील श्वसन

मुक्तशैली जलतरणातील श्वसन म्हणजे पालथ्या स्थितीत, चेहरा पाण्यात ठेवून पोहत असताना हातांच्या गतीशी व धडाच्या फिरण्याशी जुळवून घेतलेला श्वास. मुक्तशैलीला फ्रीस्टाइल किंवा फ्रंट क्रॉल असेही म्हणतात. या शैलीत जलतरणपटू श्वास पाण्याखाली सोडतो आणि डोके बाजूला वळवून, तोंड पाण्याबाहेर असलेल्या अत्यल्प वेळात श्वास आत घेतो. जमिनीवर श्वास केव्हा घ्यावा याचा विचार करावा लागत नाही; येथे मात्र श्वासाची वेळ हाताच्या स्थितीवरून ठरते. त्यामुळे हात आणि पाय मारणे लवकर साधलेल्या व्यक्तीलाही श्वास जमण्यास अनेकदा अधिक काळ लागतो. चांगली धावण्याची क्षमता असूनही तलावाची एक लांबी पूर्ण करताना दम लागणे, हा अनेक नवशिक्यांचा अनुभव असतो. त्याचे कारण बहुधा ताकदीच्या अभावात नसून श्वासाच्या चुकलेल्या वेळेत असते.

== संज्ञा आणि नियम ==

स्पर्धात्मक जलतरणात चार प्रमुख शैली मानल्या जातात. बॅकस्ट्रोकमध्ये जलतरणपटू उताणा असल्याने चेहरा पाण्याबाहेर राहतो. ब्रेस्टस्ट्रोक व बटरफ्लाय या शैलींत डोके सामान्यतः समोरच्या दिशेने वर उचलून श्वास घेतला जातो. केवळ मुक्तशैलीत डोके बाजूला वळवून श्वास घेण्याची पद्धत रूढ आहे.

काटेकोरपणे पाहता 'मुक्तशैली' हे शर्यतीचे नाव असून 'फ्रंट क्रॉल' हे पोहण्याच्या पद्धतीचे नाव आहे. मुक्तशैलीच्या शर्यतीत स्पर्धकास कोणत्याही पद्धतीने पोहण्याची मुभा असते. वैयक्तिक मिश्र शर्यतीत व मिश्र रिलेमध्ये मात्र मुक्तशैली म्हणजे उरलेल्या तीन शैलींखेरीज अन्य कोणतीही शैली. फ्रंट क्रॉल ही सर्वांत वेगवान पद्धत असल्यामुळे मुक्तशैलीच्या शर्यतींत जवळजवळ सर्वच स्पर्धक तिचा अवलंब करतात आणि व्यवहारात दोन्ही शब्द समानार्थी झाले आहेत.

श्वास किती वेळा घ्यावा याबद्दल नियमांत कोणतेही बंधन नाही. परंतु शर्यतीदरम्यान शरीराचा काही भाग सतत पाण्याच्या पृष्ठभागावर दिसला पाहिजे, असा नियम आहे. प्रारंभानंतर व प्रत्येक वळणानंतर जास्तीत जास्त १५ मीटरपर्यंतच पूर्णपणे पाण्याखाली राहता येते. त्या अंतरापर्यंत डोके पृष्ठभागावर यावे लागते.

या लेखात एका हाताच्या एका वेळच्या पूर्ण हालचालीस 'ओढ' आणि उजवी व डावी अशा दोन ओढींस मिळून 'आवर्तन' असे म्हटले आहे.

== इतिहास ==

हात आळीपाळीने पाण्यावरून पुढे टाकत पोहण्याची पद्धत जगाच्या अनेक भागांत फार पूर्वीपासून प्रचलित होती. युरोपात मात्र एकोणिसाव्या शतकात डोके पाण्याबाहेर ठेवून ब्रेस्टस्ट्रोक पोहणे हेच शिष्टसंमत मानले जाई. १८४४ साली लंडनमध्ये उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे जमातीच्या दोन जलतरणपटूंनी आपल्या पद्धतीचे प्रदर्शन केले. त्यांच्या हातांच्या हालचालीची तुलना तेव्हा पवनचक्कीच्या पात्यांशी करण्यात आली. ती पद्धत वेगवान असूनही इंग्लंडमध्ये लगेच रुजली नाही.

१८७० च्या दशकात जॉन आर्थर ट्रजन यांनी दोन्ही हात आळीपाळीने पाण्यावरून टाकण्याची पद्धत इंग्लंडमध्ये लोकप्रिय केली. तिच्यात पाय कात्रीसारखे चालत आणि डोके वर राही. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे सॉलोमन बेटांतून आलेले अॅलिक विकहॅम आणि कॅव्हिल कुटुंबातील जलतरणपटू यांच्यामुळे पाय वरखाली मारण्याची पद्धत पुढे आली व तिला 'ऑस्ट्रेलियन क्रॉल' हे नाव मिळाले. ही पद्धत दमविणारी असल्याने ती केवळ कमी अंतरासाठी उपयुक्त आहे, असा समज तेव्हा होता.

पुढील दोन दशकांत हा समज मागे पडला. हवाईचे ड्यूक कहानामोकू यांनी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर मुक्तशैलीचे सुवर्णपदक जिंकले. अमेरिकेचे जॉनी वाइसम्युलर यांनी १९२२ साली १०० मीटर अंतर ५८.६ सेकंदांत पार केले. हे अंतर एका मिनिटाच्या आत पोहणारे ते पहिले जलतरणपटू होत. डोके व छाती पाण्यात बरीच उंच ठेवणे हे त्यांच्या शैलीचे वैशिष्ट्य होते. दीर्घ अंतरासाठी क्रॉलची उपयुक्तता गर्ट्रूड एडर्ली यांनी १९२६ साली दाखवून दिली. त्या इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या आणि त्यांनी तोपर्यंत ही खाडी पोहून गेलेल्या सर्व पुरुषांपेक्षा कमी वेळ घेतला. साडेचौदा तासांच्या आसपास चाललेले क्रॉल नियमित श्वासाशिवाय शक्य नव्हते.

१९७० च्या दशकात पोहण्याचे गॉगल सर्रास वापरात आले. डोळ्यांची आग न होता चेहरा दीर्घकाळ पाण्यात ठेवणे शक्य झाल्याने डोके खाली ठेवून केवळ श्वासापुरते वळविण्याचे तंत्र सामान्य पोहणाऱ्यांनाही सुलभ झाले.

== श्वसनाची शरीरक्रिया ==

विश्रांत अवस्थेत प्रौढ व्यक्ती मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेते आणि प्रत्येक श्वासात सुमारे अर्धा लीटर हवा आत-बाहेर करते. आत घेतलेल्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. बाहेर सोडलेल्या हवेत ते सुमारे १६ टक्के उरते. याउलट कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आत येताना नगण्य असते आणि बाहेर पडताना ४ टक्क्यांच्या आसपास पोहोचते.

श्वास घेण्याची तीव्र इच्छा प्रामुख्याने ऑक्सिजन कमी झाल्यामुळे होत नाही, तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते. हे प्रमाण वाढले की रक्ताची आम्लता बदलते, मेंदूच्या मागील भागातील श्वसनकेंद्रास त्याची सूचना मिळते आणि व्यक्तीला घुसमटल्यासारखे वाटू लागते. पाण्यात श्वास रोखून धरणाऱ्या नवशिक्यास चार-पाच ओढींतच अस्वस्थता जाणवते ती याच कारणाने. त्याच्या शरीरात ऑक्सिजन पुरेसा शिल्लक असतो. साचलेला कार्बन डायऑक्साइड मात्र बाहेर पडलेला नसतो. म्हणून मुक्तशैलीत श्वास कसा घ्यावा या प्रश्नाच्या आधी श्वास कसा सोडावा हा प्रश्न येतो.

पाण्यामुळे श्वसनावर आणखी दोन परिणाम होतात. छातीभोवती असलेल्या पाण्याच्या दाबामुळे श्वास आत घेण्यासाठी श्वसनस्नायूंना जमिनीपेक्षा अधिक काम करावे लागते. शिवाय श्वास घेण्यासाठी उपलब्ध असलेला काळ अल्प असल्यामुळे हवा वेगाने आत ओढावी लागते.

== तोल आणि डोक्याची स्थिती ==

पालथ्या स्थितीत तरंगणाऱ्या शरीरास हवेने भरलेली फुप्फुसे छातीच्या भागात वर उचलतात, तर शरीराचा गुरुत्वमध्य त्याहून खाली, कमरेच्या बाजूस असतो. त्यामुळे पाय मुळातच खाली जाऊ पाहतात. श्वासासाठी डोके समोर वर उचलल्यास ही प्रवृत्ती वाढते: डोके वर जाते, कंबर व पाय खाली जातात आणि शरीर तिरपे होते. तिरप्या शरीरास पाण्याचा विरोध अधिक होतो. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट असल्याने शरीराच्या स्थितीतील लहानसा बदलही वेगावर मोठा परिणाम करतो.

डोके वर न उचलताही तोंडाला हवा मिळते, याचे कारण डोक्यामुळे निर्माण होणाऱ्या लाटेत आहे. पुढे जाणारे डोके पाणी बाजूस सारते. त्यामुळे कपाळाजवळ पाण्याची पातळी किंचित वाढते आणि तिच्या मागे, गालाच्या बाजूला एक उथळ खळगा तयार होतो. या खळग्यातील पाण्याची पातळी भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा कमी असल्याने डोके थोडेसे वळविले तरी तोंड हवेत येते. अनुभवी जलतरणपटूंच्या गॉगलची एक काच श्वास घेतानाही पाण्यात राहते ती यामुळेच. खळग्याची खोली वेगानुसार बदलते. नवशिक्याचा वेग कमी असल्याने त्याचा खळगाही उथळ असतो. म्हणून त्याने सुरुवातीस धड थोडे अधिक फिरविणे योग्य ठरते.

मुक्तशैलीत शरीर सपाट राहत नाही. प्रत्येक ओढीबरोबर ते लांबीच्या अक्षाभोवती आळीपाळीने दोन्ही बाजूंना कलते. श्वासासाठी लागणारे डोक्याचे बहुतेक वळण या धडाच्या फिरण्यातूनच मिळावे व मानेने त्यात थोडीच भर घालावी, असे तंत्र शिकविले जाते. केवळ मान वळवून श्वास घेणाऱ्याच्या मानेवर ताण येतो आणि तरीही तोंड पुरेसे बाहेर येत नाही.

== श्वासाची योग्य वेळ ==

उजव्या बाजूने श्वास घेणाऱ्या जलतरणपटूच्या हालचालींचा क्रम पुढीलप्रमाणे असतो. डाव्या बाजूने श्वास घेताना हाच क्रम उलट होतो.

१. डावा हात पाण्यात शिरून पुढे ताणला जातो. त्याच वेळी उजवा हात पाण्याखाली ओढ घेत असतो. चेहरा खाली असून श्वास सोडणे चालू असते.

२. उजवा हात छातीखालून मांडीकडे पाणी ढकलू लागतो, तसे धड उजवीकडे वर येऊ लागते. डोके धडाबरोबर वळू लागते. उरलेली हवा या टप्प्यात जोराने सोडली जाते.

३. उजवा हात मांडीजवळून पाण्याबाहेर येतो त्या सुमारास तोंड पाण्याबाहेर आलेले असते. श्वास आत घेतला जातो. डावा हात या संपूर्ण काळात पुढे ताणलेला राहून शरीरास आधार देतो.

४. उजवा हात हवेतून पुढे येत असताना, तो खांद्याच्या रेषेत पोहोचेपर्यंत श्वास पूर्ण होतो आणि डोके परत खाली वळू लागते.

५. उजवा हात पाण्यात शिरण्यापूर्वी चेहरा पूर्ववत खाली आलेला असतो. श्वास सोडणे पुन्हा सुरू होते.

या क्रमातील दोन बाबी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे डोके वळण्याची सुरुवात हात पाण्याबाहेर येण्यापूर्वी होते. हात बाहेर आल्यानंतर डोके वळवू लागणाऱ्यास 'उशिरा श्वास घेणारा' म्हणतात. त्याचे तोंड बाहेर येते तेव्हा धड परत खाली फिरू लागलेले असते; परिणामी त्याला एकतर अर्धा श्वास मिळतो किंवा डोके उचलून तो पूर्ण करावा लागतो. दुसरी बाब म्हणजे डोके हाताच्या आधी परतते. डोके बाहेर राहिले आणि हात पाण्यात शिरला, तर धड दुसऱ्या बाजूला फिरू शकत नाही व पुढची ओढ कमजोर होते.

मिनिटाला ६० ओढी घेणाऱ्या जलतरणपटूचे एक आवर्तन २ सेकंदांचे असते. त्यापैकी तोंड पाण्याबाहेर असण्याचा काळ फार थोडा असतो आणि उरलेला सर्व काळ श्वास सोडण्यासाठी उपलब्ध असतो. श्वास घेणे अल्पकालीन आणि सोडणे दीर्घकालीन, ही मुक्तशैलीतील श्वसनाची मूलभूत लय होय.

== श्वास सोडण्याच्या पद्धती ==

पाण्यात श्वास सोडण्याच्या मुख्यतः दोन पद्धती आहेत.

संथ पद्धत: चेहरा पाण्यात जाताच नाक व तोंडातून बुडबुड्यांची बारीक धार सोडण्यास सुरुवात होते. तोंड बाहेर येण्याच्या थोडे आधी उरलेली हवा जोराने सोडली जाते. नवशिक्यांसाठी व दीर्घ अंतरासाठी ही पद्धत शिकविली जाते. नाकातून सतत हवा बाहेर पडत राहिल्याने नाकात पाणी शिरत नाही, हा तिचा आणखी एक लाभ.

स्फोटक पद्धत: हवा काही काळ धरून ठेवून तोंड बाहेर येण्याच्या अगदी आधी एकदम सोडली जाते. फुप्फुसांत हवा अधिक काळ राहिल्याने छाती पाण्यात वर राहते. कमी अंतराच्या शर्यतींत ही पद्धत आढळते.

श्वास पूर्ण रिकामा करणे दोन्ही पद्धतींत अपेक्षित नसते. फुप्फुसे फार रिकामी केल्यास छाती खाली जाते आणि पुढचा श्वास घाईने ओढावा लागतो. याउलट श्वास अजिबात न सोडता तोंड बाहेर काढणाऱ्यास त्या अल्पकाळात आधी हवा सोडावी आणि मग आत घ्यावी लागते. एवढ्या वेळात दोन्ही क्रिया होत नाहीत. म्हणून तो हवेचा छोटासा घोट घेऊन पुन्हा पाण्यात जातो आणि काही ओढींनंतर थांबतो.

== श्वासाचे क्रम ==

किती ओढींनंतर श्वास घ्यायचा यावरून श्वासाचे क्रम ठरतात. मिनिटाला होणाऱ्या ओढींच्या संख्येनुसार प्रत्येक क्रमात मिनिटाला किती श्वास मिळतात हे पुढील कोष्टकावरून दिसते. अपूर्णांक जवळच्या पूर्णांकात दिले आहेत.

| क्रम | मिनिटाला ६० ओढी | मिनिटाला ७० ओढी | मिनिटाला ८० ओढी |
|---|---|---|---|
| दर २ ओढींनंतर | ३० | ३५ | ४० |
| दर ३ ओढींनंतर | २० | २३ | २७ |
| दर ४ ओढींनंतर | १५ | १८ | २० |
| दर ५ ओढींनंतर | १२ | १४ | १६ |

'''दर दोन ओढींनंतर''' श्वास घेतल्यास तो नेहमी एकाच बाजूने घेतला जातो. यात हवा सर्वाधिक मिळते; त्यामुळे मध्यम व दीर्घ अंतराच्या शर्यतींत हा क्रम मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. मात्र केवळ एकाच बाजूने सराव केल्यास धडाचे फिरणे असमान होण्याची शक्यता असते.

'''दर तीन ओढींनंतर''' श्वास घेतल्यास बाजू आळीपाळीने बदलते. यास द्विपार्श्व श्वसन म्हणतात. शरीराची दोन्ही बाजूंची हालचाल सारखी ठेवण्यासाठी प्रशिक्षणात त्याचा उपयोग होतो. मात्र वरील कोष्टकानुसार यात श्वासांची संख्या दर दोन ओढींच्या क्रमापेक्षा एक-तृतीयांशाने कमी होते. म्हणून वेग वाढविताना हा क्रम टिकविणे अनेकांना कठीण जाते.

'''मिश्र क्रमात''' काही श्वास एका बाजूने व काही दुसऱ्या बाजूने घेतले जातात, उदाहरणार्थ २-२-३. तलावाच्या एका लांबीस उजवीकडून व परतीच्या लांबीस डावीकडून श्वास घेणे हाही द्विपार्श्व सरावाचाच प्रकार होय. त्यात हवा पुरेशी मिळते आणि दोन्ही बाजूंचा सरावही होतो.

सर्वांसाठी एकच क्रम योग्य ठरत नाही. नवशिक्याने तीन ओढींचा क्रम पाळण्यासाठी श्वास ताणून धरणे हे तंत्र बिघडविणारे ठरते. आधी दर दोन ओढींनी निर्धास्त श्वास घेता येणे आणि नंतर दुसरी बाजू शिकणे, हा क्रम अधिक सोयीचा असतो.

== स्पर्धेतील श्वसन ==

प्रत्येक श्वासाबरोबर शरीराच्या सरळ रेषेत थोडा खंड पडतो. त्यामुळे हवेची गरज आणि वेगातील घट यांचा मेळ अंतरानुसार घालावा लागतो.

५० मीटर शर्यतीत पुरुषांचे अव्वल जलतरणपटू २१ ते २२ सेकंदांत अंतर पार करतात. एवढ्या काळात शरीर मुख्यतः ऑक्सिजनविना मिळणाऱ्या ऊर्जेवर चालते. म्हणून अनेक स्पर्धक एकही श्वास घेत नाहीत किंवा एखादाच घेतात. १०० मीटरला ही पद्धत चालत नाही. चीनच्या पॅन झानले यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४६.४० सेकंदांचा विश्वविक्रम केला. एवढ्या वेळात श्वास नाकारणाऱ्या स्पर्धकाचा वेग शेवटच्या टप्प्यात कोसळतो. २०० मीटर व त्यापुढील शर्यतींत बहुतेक स्पर्धक नियमितपणे दर दोन ओढींनी श्वास घेतात.

दीर्घ अंतराच्या काही जलतरणपटूंची लय असमान असते. श्वास घेताना पुढे ताणलेल्या हातावर ते किंचित अधिक काळ रेलतात आणि दुसऱ्या बाजूची ओढ झटकन घेतात. दौडणाऱ्या घोड्याच्या चालीशी साम्य असल्यामुळे या प्रकारास दुडक्या लयीची शैली म्हणता येईल. अमेरिकेच्या केटी लेडेकी यांच्या पोहण्यात ती दिसते. त्यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर अंतर ८ मिनिटे ४.७९ सेकंदांत पार करून तेव्हाचा विश्वविक्रम केला. दोन्ही बाजूंची समानता हा वेगाचा अनिवार्य निकष नाही, हे या शैलीवरून दिसते.

वळणांमुळेही श्वासाची लय तुटते. १,५०० मीटर शर्यतीत ५० मीटरच्या तलावात २९ आणि २५ मीटरच्या तलावात ५९ वळणे येतात. प्रत्येक कोलांटी वळणात व त्यानंतरच्या पाण्याखालील अंतरात श्वास घेता येत नाही. पाण्याबाहेर आल्यावर पहिल्याच ओढीत श्वास घेतल्यास भिंतीपासून मिळालेला वेग कमी होतो, म्हणून प्रशिक्षक निदान एक ओढ थांबण्यास सांगतात. भिंतीपासून ५ मीटर अंतरावर टांगलेल्या पताका ओलांडल्यावर श्वास न घेता शर्यत संपविण्याचा सरावही केला जातो.

== सामान्य चुका ==

* '''श्वास रोखून धरणे:''' चेहरा पाण्यात असताना हवा न सोडणे. दम लागण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे.
* '''डोके समोर उचलणे:''' पाय खाली जातात व वेग तुटतो. विहिरीत किंवा नदीत मान वर ठेवून पोहायला शिकलेल्या व्यक्तींमध्ये ही सवय विशेष आढळते. तेथे समोरचे पाहणे व तोंड कोरडे ठेवणे ही गरज असते. लांब पोहताना मात्र तीच सवय थकविणारी ठरते.
* '''उशिरा वळणे:''' हात पाण्याबाहेर आल्यावर डोके वळविणे.
* '''जास्त वळणे:''' नजर बाजूला न ठेवता वर, छताकडे किंवा आकाशाकडे नेणे. शरीर गरजेपेक्षा अधिक कलते व तोल सावरण्यासाठी पाय फाकतात.
* '''पुढचा हात दाबणे:''' श्वास घेताना ताणलेल्या हाताने पाणी खाली दाबून डोक्याला आधार देणे. तोंड क्षणभर वर येते, परंतु त्या हाताची ओढ वाया जाते.
* '''श्वासासाठी थांबणे:''' मागचा हात मांडीजवळ रेंगाळत ठेवून श्वास घेणे. यामुळे दोन ओढींमध्ये वेग कमी होतो.

== सुधारणेसाठी सराव ==

वेळ सुधारण्याचा सराव ताजेतवाने असताना व संथ गतीने केला जातो. थकलेल्या अवस्थेत जुन्या सवयी परत येतात. सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

'''बुडबुडे काढणे:''' छातीएवढ्या पाण्यात उभे राहून तोंडाने श्वास घ्यावा, चेहरा पाण्यात बुडवून नाका-तोंडातून संथपणे हवा सोडावी आणि वर येताच पुन्हा श्वास घ्यावा. ही क्रिया न थांबता पंधरा-वीस वेळा सहज जमल्यास श्वास सोडण्याची सवय रुजली असे समजता येते.

'''कडा धरून वळणे:''' तलावाची कडा एका हाताने धरून, दुसरा हात मांडीलगत ठेवून पाय मारावेत आणि मोकळ्या हाताच्या बाजूने डोके वळवून श्वास घ्यावा. कान पुढे ताणलेल्या दंडाला टेकलेला राहतो का, याकडे लक्ष द्यावे. कान दंडापासून दूर गेल्यास डोके उचलले जात आहे असे समजावे.

'''कुशीवर पाय मारणे:''' खालचा हात पुढे ताणून व वरचा हात मांडीलगत ठेवून कुशीवर तरंगत पाय मारले जातात. सहा वेळा पाय मारून एक ओढ घ्यावी आणि दुसऱ्या कुशीवर वळावे. धडाच्या फिरण्यातून श्वास कसा मिळतो हे या सरावात जाणवते.

'''एका हाताने पोहणे:''' एक हात फळीवर किंवा पुढे ताणलेला ठेवून दुसऱ्या हाताने ओढ घेतली जाते व प्रत्येक ओढीत श्वास घेतला जातो. हाताची ढकल सुरू होताच डोके वळते का, हे यात तपासता येते.

'''स्नॉर्कल लावून पोहणे:''' समोरून वर येणाऱ्या स्नॉर्कलमुळे डोके न वळविता श्वास घेता येतो. श्वासाविना आपली ओढ कशी असते हे त्यातून कळते. स्नॉर्कल काढल्यावर तीच ओढ श्वासासह टिकविण्याचा प्रयत्न करता येतो.

प्रगती मोजण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे ओढी मोजणे. तलावाची एक लांबी उजवीकडून श्वास घेत आणि एक लांबी डावीकडून श्वास घेत सारख्याच गतीने पोहावी. एका बाजूस ओढींची संख्या स्पष्टपणे अधिक भरल्यास त्या बाजूच्या श्वासात दोष असण्याची शक्यता असते. पुढे अंतर वाढविताना, शेवटच्या लांबीतही श्वास घाईचा होत नाही ना, हा निकष वेळेपेक्षा अधिक उपयुक्त ठरतो.

== खुल्या पाण्यातील श्वसन ==

समुद्र, नदी वा जलाशयात पोहताना तलावातील रेघा नसतात आणि पृष्ठभाग स्थिर नसतो. लाटा एका बाजूने येत असतील तर त्यांच्या विरुद्ध बाजूने श्वास घ्यावा लागतो. म्हणून दोन्ही बाजूंनी श्वास घेता येणे येथे केवळ शैलीचा प्रश्न न राहता गरज बनते. दिशा पाहण्यासाठी काही ओढींनंतर डोळ्यांपुरतेच डोके समोर उचलले जाते आणि लगेच बाजूला वळवून श्वास घेतला जातो. समोर पाहणे व श्वास घेणे या क्रिया एकाच वेळी न करता एकामागून एक केल्यास डोके फार वर काढावे लागत नाही. खाऱ्या पाण्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा थोडी अधिक असल्याने समुद्रात शरीर किंचित वर तरंगते, परंतु लाटेमुळे तोंडात पाणी जाण्याची शक्यता तेथे जास्त असते. मुंबईत संक रॉक ते गेटवे ऑफ इंडिया व धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया ही सागरी अंतरे पोहण्याची परंपरा आहे. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरही सागरी जलतरण स्पर्धा भरविली जाते. अशा उपक्रमांच्या तयारीत दोन्ही बाजूंच्या श्वसनाचा सराव महत्त्वाचा ठरतो.

थंड पाण्यात अचानक प्रवेश केल्यास अनैच्छिकपणे धापा लागतात व श्वासावरील नियंत्रण काही काळ सुटते. पाण्यात हळूहळू उतरून श्वास स्थिर होईपर्यंत चेहरा बाहेर ठेवणे हा त्यावरील उपाय आहे.

== सुरक्षितता ==

श्वास कमी वेळा घेणे म्हणजे चांगले पोहणे, हा समज धोकादायक आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन यांच्यामुळे कमी श्वासांत पोहण्याचा सराव 'अल्पऑक्सिजन प्रशिक्षण' या नावाने प्रसिद्ध झाला. मात्र अशा सरावात शरीरात प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड वाढतो, असे पुढील अभ्यासांत आढळले. त्यामुळे ते नाव योग्य नसल्याचे मानले जाऊ लागले. स्पर्धकांसाठी देखरेखीखालील मर्यादित सराव आजही होतो, पण पाण्याखाली श्वास रोखून किती अंतर जाता येते याची चढाओढ अनेक प्रशिक्षणसंस्थांनी निषिद्ध मानली आहे.

विशेष धोका असतो तो पाण्यात जाण्यापूर्वी मुद्दाम अनेक जोरदार श्वास घेण्यात. अशा श्वासांनी रक्तातील ऑक्सिजन फारसा वाढत नाही, मात्र कार्बन डायऑक्साइड बराच कमी होतो. परिणामी श्वास घेण्याची इच्छा उशिरा निर्माण होते. ती निर्माण होण्याआधीच ऑक्सिजन धोक्याच्या पातळीखाली जाऊन व्यक्ती पाण्याखाली बेशुद्ध पडू शकते. यापूर्वी घुसमट जाणवेलच असे नाही आणि काठावरील लोकांना ती व्यक्ती शांतपणे बुडी मारून आहे असेच वाटते. उत्तम पोहणारेही याला अपवाद नाहीत. किंबहुना स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासामुळे तेच असे धाडस करण्याची शक्यता अधिक असते. विहिरीच्या तळाची माती आणण्याच्या पैजांमध्येही हाच धोका दडलेला असतो.

म्हणून श्वास रोखण्याचा कोणताही सराव एकट्याने करू नये, त्यापूर्वी मुद्दाम जोरदार श्वास घेऊ नयेत आणि जीवरक्षक किंवा प्रशिक्षकाची प्रत्यक्ष नजर असावी, असे सांगितले जाते. दमा, हृदयविकार किंवा अपस्मार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच सराव करावा. पाण्याखाली निश्चल दिसणाऱ्या व्यक्तीस ती गंमत करीत आहे असे गृहीत न धरता तात्काळ बाहेर काढावे लागते. श्वास थांबला असल्यास छातीदाबाबरोबर कृत्रिम श्वासही देणे आवश्यक असते, कारण बुडण्याच्या घटनेत मूळ अभाव ऑक्सिजनचाच असतो.

== हे सुद्धा पहा ==

* जलतरण
* फ्रंट क्रॉल
* बॅकस्ट्रोक
* श्वसनसंस्था
* खुल्या पाण्यातील जलतरण